दीड किलोमीटर, पहिला गिअर

ताशी दोनशे ऐंशी किलोमीटर वेगानं पळू शकणारी गाडी मी आयुष्यात एकदाच चालवली, आणि दीड किलोमीटर जायला मला तीन तास दहा मिनिटं लागली.

गाडीत बिघाड नव्हता. (निघताना तरी नव्हता.) रस्ताही ओळखीचा होता, आमच्याच गावाचा. चालवणारा मात्र मी होतो, एवढं पंचनाम्यात सुरुवातीलाच लिहून घ्यावं.

झालं असं, की माझी पुतणी आश्विनी फौजदार झाली. आमचं गाव तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं. ऊस, कांदा आणि झेंडू पिकवणारं. आजवर आमच्याकडं फौजदार यायचा तो बांधावरची भांडणं मिटवायला. गावातूनच फौजदार निघायची ही पहिली वेळ, आणि तीही पोरगी! निकाल लागला तेव्हा सगळं घर नाचत होतं. आश्विनीचे वडील तात्या, म्हणजे माझे थोरले बंधू, तेवढे शांतपणे उठून गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवत दहा मिनिटं उभे राहिले. तात्यांना बोलायची सवय नाही. महिन्याकाठी त्यांची चार-पाच वाक्यं होतात, त्यातली तीन पावसाबद्दल असतात.

पण त्या पोरीसाठी त्या माणसानं काय केलं ते सांगायला हवं. दोन वर्षं आश्विनी पहाटे उठून कालव्याच्या भरावावर पळायचा सराव करायची. आमच्याकडं उसात बिबटे. बिबटे म्हणजे काय, कॉलनीच आहे त्यांची! एकटी पोरगी अंधारात पळणार कशी? मग तात्या ट्रॅक्टर काढायचे. पुढं आश्विनी पळतेय, मागून हेडलाईट लावून ट्रॅक्टर टुक टुक करत येतोय, असं दोन वर्षं चाललं. तिनं वेग वाढवला की यांनी वाढवायचा, ती दमून चालायला लागली की यांनी लो गिअर टाकून मुंगीच्या चालीनं यायचं. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही.

तर मिरवणुकीची बैठक आमच्या अंगणात बसली. अध्यक्ष आबा. आबा माजी सरपंच. गळ्यात कायम शिट्टी, कारण मिरवणूक कुणाचीही असो, ती ताब्यात घ्यायचा हक्क आपलाच आहे असं त्यांचं मत. त्यांनी आधी नियम सांगितले.

"फाट्यापासनं निघायचं, मारुतीच्या पारावर थांबायचं. मदी फौजदारीणबाईंचा पाय जमिनीला लागता कामा न्हाई. आन् एकदा निघाल्याव मागं फिरायचं न्हाई. आपल्या गावचा रिवाजच हाय त्यो."

"मी ट्रॅक्टर धुऊन ठिवलाय," तात्या म्हणाले.

एवढंच. महिन्याच्या कोट्यातलं एक वाक्य त्यांनी तिथं खर्च केलं. आणि मी, शहाणा माणूस, काय म्हणालो?

"ट्रॅक्टर? आवो तात्या, फौजदाराची मिरवणूक हाय, उसाची खेप न्हाई!"

सगळे हसले. तात्याही थोडेसे हसले, आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले. म्हशीला पाणी तासाभरापूर्वीच दाखवलं होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी तेव्हा फॉर्मात होतो.

"मग काय जीप आनायची व्हय?" आबांनी विचारलं.

"जीप तर बिनविरोध सदस्याची पण निघती! मी स्पोर्ट्स कार आनतो. लाल. टप उघडणारी!"

सगळ्या अंगणानं माझ्याकडं असं पाहिलं, की मला स्वतःचाच आदर वाटला.

"चालवणार कोण?" माझी बायको सुनंदा दारातून म्हणाली. तिचा हा स्वर मी ओळखतो. लग्नाला अठरा वर्षं झाली.

"मीच!"

आता सुनंदाच्या त्या स्वराचं कारण. मी शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. सहा वर्षांपूर्वी शिक्रापूरच्या चौकातल्या ट्रॅफिकला कंटाळून मी क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गाडी घेतली. गेली सहा वर्षं माझा उजवा पाय दोघांचं काम करतोय आणि डावा पाय पेन्शनवर आहे. स्पोर्ट्स कार मात्र होती गिअरची. ती होती चड्ढाशेठची. आमच्या कंपनीचा माल त्यांच्या ट्रकमधून जातो आणि माणूस दिलदार. मी मिरवणुकीचं सांगताच त्यांनी किल्ली काढून हातात दिली.

"ले जाओ भाई! भतीजी मतलब हमारी भी भतीजी! बस एक बात. हाफ क्लच मत करना. भगाओ, उडाओ, जो मर्जी करो. लेकिन ये गाडी धीरे चलाने के लिए नहीं बनी है."

"छे छे शेठ! धीरे का सवालच नहीं!" मी म्हणालो. मिरवणूक म्हणजे काय असतं हे त्या वेळी माझ्या डोक्यातून कसं निसटलं, ते माझं मलाच माहीत नाही.

गाडी आणायला पुण्याला गेलो तेव्हा पहिला धडा मिळाला. या गाडीत बसत नाहीत. विहिरीत उतरल्यासारखं उतरतात. खाली उतरलो तर थेट रस्त्यावर मांडी घातल्यासारखं वाटलं. शिक्रापूरच्या चौकात माझ्या डावीकडं ट्रकचं चाक, उजवीकडं ट्रकचं चाक, समोर ट्रकचा टो हूक. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून वाकून खाली पाहिलं आणि क्लीनरला म्हणाला, "देख तो, नीचे कोई बैठा है क्या?"

तरी मोकळा रस्ता लागल्यावर बरी पळाली. माझ्या डाव्या पायालाही थोडं थोडं आठवायला लागलं. गावच्या फाट्यावर पोचलो तेव्हा मी गॉगल लावलेला होता. फाट्यावरच्या पहिल्याच गतिरोधकानं गाडीच्या पोटावरून असा 'खर्रर्र' आवाज काढला, की मी गॉगल काढला.

मिरवणुकीच्या दिवशी सगळा गाव फाट्यावर. दौंडहून आणलेलं हलगी पथक तापवलेल्या हलग्या घेऊन तयार. आश्विनी डोक्याला भगवा फेटा बांधून, गळ्यात हार घालून आली. दोन सीटची गाडी. डावीकडच्या सीटच्या पाठीवर ती उंच बसली, उजवीकडं खाली विहिरीत मी. सुनंदा ओवाळणीचं ताट घेऊन माझ्या दाराशेजारी चालणार, असं तिनं स्वतःच ठरवलं. "तुमच्या डाव्या पायाकडं बघायला कुणीतरी पायजे," हे कारण तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"काका, तात्या कुठंयत?" आश्विनीनं विचारलं.

"हायेत मागं. पाण्याच्या बाटल्या वाटायचं काम दिलंय त्यांना."

ती मान वळवून गर्दीत बघत राहिली.

आबांनी शिट्टी फुंकली. हलगी कडाडली. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी एकदम दोन हात पुढं उडी मारून बंद पडली. आश्विनीचा हार माझ्या गळ्यात येऊन पडला.

"डावा! डावा पाय!" सुनंदा.

पुन्हा चालू केली. पुन्हा उडी. बंद. पुन्हा चालू. या वेळी बंद पडली नाही, पण पहिल्या गिअरला ही गाडी सायकलवाल्याच्याही पुढं पळते आणि मिरवणूक चालली होती गाभण म्हशीच्या चालीनं. पुढं हलगीवाले, ब्रेक दाबावाच लागणार. गाडी थुडथुडली, गचके खाल्ले, नाक वर केलं, नाक खाली केलं.

माझी अब्रू गेली, असं मला वाटलं. पण लोक! लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"आयला! दत्ता गाडी नाचवतुय!"

"घोडीगत नाचवतुय रं! वाजीव, वाजीव!"

हलगीवाल्यांनी माझ्या गचक्यांचा ठेका पकडला. नाचऱ्या घोडीपुढं वाजवतात तसं ते गाडीच्या तोंडापुढं बसून वाजवायला लागले. गाडी बंद पडली की 'वन्स मोअर'! चालू केली की शिट्ट्या! एका म्हाताऱ्यानं माझ्यावरून दहाची नोट ओवाळून हलगीवाल्याला दिली. खरं सांगतो, चार मिनिटं मी स्वतःला मोठा कलाकार समजलो. पाचव्या मिनिटाला आठवलं, की हे सगळं आपण थांबवू शकत नाही.

"काका, तात्या दिसत नाहीत," आश्विनी वरून म्हणाली. "मला खरं तर त्यांच्या..."

"आत्ता नको, आत्ता नको! गाडी चढाला लागलीय!" मी ओरडलो.

गावची वेस ओलांडली की चढ सुरू होतो आणि चढाला लागूनच दोन्ही बाजूंना घरं आहेत. आमच्याकडं मिरवणूक दारावरून जाताना प्रत्येक घरची बाई चाकांवर पाणी घालते, नारळ ओवाळते आणि मानकऱ्याला कुंकू लावते. चांगला रिवाज आहे. फक्त घरं एकोणचाळीस होती. म्हणजे एकोणचाळीस वेळा चढावर थांबायचं, एकोणचाळीस वेळा चढावर गाडी उचलायची. मागं शंभर माणसं, त्यामुळं गाडी वीतभरही मागं येऊन चालणार नाही. शिवाय मागं फिरायचं नाही हा आबांचा नियम! मग उरतं काय? चड्ढाशेठनी जे करू नको म्हणून हात धरून सांगितलं होतं, तेवढंच उरतं: क्लच अर्धवट दाबून गाडी चढावर धरून ठेवणं.

अकराव्या घरापाशी वास यायला लागला.

"कुणाची तरी भाकर करपली बया," ओवाळणाऱ्या काकू म्हणाल्या.

सतराव्या घरापाशी दोन बायका आपापल्या चुली बघून आल्या. तेविसाव्या घरापाशी सुनंदा माझ्या कानाशी वाकली. "भाकर तुमचीच करपलीय. पायाखाली."

मी हसऱ्या चेहऱ्यानं हात जोडत होतो, कारण समोर चार जण मोबाईलवर शूटिंग काढत होते. माझा डावा पाय थरथरत होता. सहा वर्षं पेन्शनवर असलेल्या माणसाला एकदम उसाच्या मोळ्या उचलायला लावाव्यात, तशी त्याची गत झाली होती. मध्येच पोटरीत असा गोळा आला, की मी ओरडलो, "आई गं!" आणि लोकांनी लगेच घोषणा दिली, "आश्विनीताईंचा विजय असो!"

एवढ्यात चढाच्या मध्यावर जेसीबी दिसला. बाळूचा. आमच्याकडं आजकाल जेसीबीनं फुलं उधळल्याशिवाय कुणाचं कौतुक पूर्ण होत नाही. बाळूच्या शेतात झेंडू उभा होता, भाव पडलेला होता, त्यामुळं त्यानं हात आखडता घेतला नव्हता. पिवळ्या-केशरी पाकळ्यांनी काठोकाठ भरलेलं बकेट त्यानं आमच्या डोक्यावर आणलं.

"बाळू, थोडं थोडं सोड!" मी ओरडलो.

"व्हय, व्हय!" असं म्हणून त्यानं सगळं एकदम सोडलं.

आश्विनी उंच बसलेली होती, ती कमरेपर्यंत बुडाली. मी खाली विहिरीत होतो, माझी विहीर बुजली. नाकात झेंडू, तोंडात झेंडू, कानात झेंडू. डोळे उघडले तर समोर फक्त पिवळा रंग. पायाखाली पाकळ्यांचा एवढा गादीसारखा थर झाला, की क्लच कुठला, ब्रेक कुठला, काही पत्ता लागेना. गाडी मागं सरकायला लागली. मागून शंभर माणसं ओरडली. मी अंदाजानं एक पाय दाबला.

तो ॲक्सिलरेटर होता.

गाडीनं चड्ढाशेठना अभिमान वाटावा अशी डरकाळी फोडली आणि पाच-सात फूट झेप घेतली. हलगीवाले हलग्यांसकट दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर पोचले. समोर आबा शिट्टी फुंकत उलटे चालत होते. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढायला दोन माणसं लागतात. पण त्या दिवशी आबांनी जी उडी मारली, ती थेट खाली आलेल्या जेसीबीच्या बकेटमध्ये! घाबरलेल्या बाळूनं दांडा ओढला आणि आबा बकेटसकट वर गेले. पंधरा फुटांवरून त्यांनी आधी स्वतःला चाचपून पाहिलं, मग गावाकडं पाहिलं, आणि मग शिट्टी फुंकली.

"हितनं समदं झ्याक दिसतंय! बाळू, खाली घिऊ नगंस! मिरवणूक पुढं चला!"

पण मिरवणूक पुढं जाणार नव्हती. झेप घेतल्यावर गाडीच्या पोटातून 'फुस्स' असा आवाज आला होता आणि आता गिअर टाकला तरी इंजिन नुसतं ओरडत होतं, चाकं जागची हलत नव्हती. चार दगड आणून चाकांना लावले. मग धूर निघायला लागला, म्हणून मी इंजिनही बंद केलं.

"इंजिन तापलंय! पानी वता!" असं कुणीतरी म्हणालं आणि मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत चाकांसाठी आणलेल्या तीन कळश्या गाडीच्या नाकावर रित्या झाल्या. एकानं बॉनेट उघडलं. आत वाकला. मग हळूच सरळ झाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दत्तूनाना," तो म्हणाला, "इंजिनच न्हाई."

"काय?"

"इंजिन न्हाई! निस्ती एक छत्री हाय!"

"चोरीला गेलं! आरं, मगाशी हुतं की, आवाज येत हुता!"

"चालत्या गाडीचं इंजिन काढून न्हेलं? कसली टोळी म्हनायची ही!"

"ताई, तक्रार लिवून घ्या! तुमच्याच मिरवणुकीत चोरी झाली!"

"अहो, माझं अजून ट्रेनिंग व्हायचंय!" आश्विनी झेंडूतून ओरडली. "आणि या गाडीचं इंजिन मागं असतं!"

ते ऐकून सगळे मागं धावले, इंजिन सापडल्याबद्दल टाळ्या झाल्या आणि नव्या फौजदारीणबाईंनी पहिल्याच दिवशी चोरीचा छडा लावला म्हणून दोन घोषणाही झाल्या. गाडी मात्र जागेवरच. ढकलायची म्हटलं तर चढ. पंधरा जणांनी जोर लावला तर ती हातभर वर गेली आणि दोन हात खाली आली.

तेव्हा मला परिस्थिती नीट दिसली. पुढं मारुती अर्धा किलोमीटर. पोरीनं खाली पाय टेकवायचा नाही, मागं फिरायचं नाही. आणि पुढं नेणारी गाडी मेलेली. पारावर तिची आई औक्षणाचं ताट घेऊन दुपारपासून उभी. आणि आश्विनी त्या पिवळ्या ढिगात बसून, फेटा वाकडा, कुंकू नाकावर ओघळलेलं, गर्दीत एकच माणूस शोधत होती.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "तात्यांना बोलवा ना."

मी मागं वळून पाहिलं. पाण्याच्या बाटल्यांचा खोका ओट्यावर नीट ठेवलेला होता. तात्या नव्हते.

मला लाज वाटली. खरीखुरी लाज. दोन वर्षं रोज पहाटे ज्या माणसानं या पोरीला बिबट्याच्या उसातून सांभाळून नेलं, त्याला मी तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी बाटल्या वाटायला लावलं होतं. कशासाठी? तर लोकांनी 'दत्तानं लाल गाडी आणली' असं म्हणावं म्हणून! मी बाहीनं डोळे पुसले. (अर्धं पाणी झेंडूमुळं होतं, अर्धं नव्हतं.)

आणि तेवढ्यात खालून आवाज आला. टुक टुक टुक टुक.

गर्दी आपोआप बाजूला झाली. तात्यांचा ट्रॅक्टर चढ चढून येत होता. धुतलेला, पुसलेला. बॉनेटला नवा रंग. सायलेन्सरला झेंडूचं तोरण. आणि मडगार्डवर आश्विनीच्या बसायच्या जागी, चार घड्या घालून, काठाला गोंडे लावलेली नवीकोरी गोधडी बांधलेली. ती गोधडी काही आत्ता पाच मिनिटांत बांधलेली नव्हती. मी अंगणात सगळ्यांदेखत हसलो होतो, त्यानंतरही तात्यांनी हे सगळं केलं होतं आणि गोठ्यामागं झाकून ठेवलं होतं.

तात्यांनी ट्रॅक्टर गाडीला अगदी खेटून उभा केला. आश्विनी झेंडू झाडत सीटवर उभी राहिली.

"पाय टेकू दिऊ नगा! पाय टेकू दिऊ नगा!" आबा आकाशातून.

तात्यांनी वाकून हात दिला. पोरीनं माझ्या खांद्यावर एक पाय दिला (तेवढाच माझा मिरवणुकीला उपयोग) आणि ती मडगार्डवर गोधडीवर जाऊन बसली.

"तात्या, किती वेळ लावलात!" ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

"तुज्या काकाची हौस फिटू दिली," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "दत्ता, ही गाडी हितं ठिवली तर रस्ता बंद हुईल. मागं बांधतो. तू सुकाणू धर आन् ब्रेकवर पाय ठिव. बाकी काय करू नगंस."

मला झेपेल असं त्या दिवसातलं ते पहिलं काम होतं. बैलगाडीचा जाड नाडा आणला, एक टोक ट्रॅक्टरला, एक लाल गाडीला. पेडलवरचा झेंडू सुनंदानं ओंजळीनं उपसून दिला. "हा ब्रेक," ती बोट लावून म्हणाली. "मधला." मी मान हलवली.

आणि मग निघालो. काय सांगू तुम्हाला! तात्यांनी लो गिअर टाकला आणि ट्रॅक्टर असा निघाला, की भरलेला पाण्याचा तांब्या मडगार्डवर ठेवला असता तरी हिंदकळला नसता. हलगीवाल्यांच्या पावलाशी पाऊल. ते थांबले की थांबायचा, ते चालले की चालायचा. राहिलेल्या प्रत्येक दारात बरोबर चाक ओट्याला लागायचं, ओवाळून झालं की हळूच सुटायचं. आख्ख्या तालुक्यात एवढं सावकाश चालवायचा सराव असलेला हा एकच माणूस, आणि मी पुण्याहून स्पोर्ट्स कार आणायला गेलो होतो.

पारावर वहिनींनी ओवाळलं. आधी लेकीला, मग नवऱ्याला, मग ट्रॅक्टरला. मग त्यांची नजर नाड्याच्या दुसऱ्या टोकाकडं गेली. गुलाल, झेंडू आणि धुरानं माखलेला मी हात जोडून विहिरीत बसलो होतो. "तुम्ही पण या भावजी," त्या म्हणाल्या आणि मलाही कुंकू लावलं. आश्विनी ट्रॅक्टरवरून उतरली ती आधी तात्यांच्या पाया पडली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता हळू पळलीस तरी चालंल." पुढच्या महिन्याचा कोटाही संपला. त्यानंतर बाळूनं बकेट खाली घेतलं, तरी आबांना त्यातून उतरवायला चार माणसं आणि दोन शिड्या लागल्या, कारण चढताना ते कसे चढले हे त्यांनाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या स्टेटसला एकच फोटो होता. पुढं ट्रॅक्टरवर फेटा बांधून ताठ बसलेली आश्विनी, मागं नाड्यानं बांधलेली लाल गाडी, आणि गाडीत मान खाली घालून, हात जोडून बसलेला मी. खाली कुणीतरी लिहिलं होतं: 'फौजदार आश्विनीताईंची पहिलीच धडक कारवाई! वाहन जप्त, आरोपी ताब्यात!'

क्लचचं मी चड्ढाशेठना त्याच संध्याकाळी कबूल केलं होतं आणि नवा बसवून देतो म्हणालो होतो. पण फोटो त्यांच्यापर्यंत नंतर पोचला. चड्ढाशेठना मराठी वाचता येतं, मराठी टिंगल वाचता येत नाही. त्यांचा फोन आला तेव्हा आवाजात खरी काळजी होती.

"भाई, मैंने अभी फोटो देखा. भतीजी ने अपने ही चाचा को पकड लिया? मामला क्या था? ओव्हरस्पीड?"

समोर सुनंदा बसली होती. तिच्याकडं बघायची मला हिंमत झाली नाही. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि दार लावून घेतलं.

"हां शेठ," मी म्हणालो, "जरा ज्यादाही भगाया."